तळघरातला संडास आणि दुपारची झोप

इर्मट्राउट आजींच्या गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून तळघरातल्या त्यांच्या खोलीशेजारी संडास बसवायचा, असं त्यांच्या मुलाने, फोल्कमारने ठरवलं. नाहीतर वृद्धाश्रम होताच, आणि आजींनी त्याचं नाव काढायलाही बंदी घातली होती. अडचण एकच. मैल्याचा पाइप तळघराच्या भिंतीतून छातीच्या उंचीवरून जात होता, आणि पाणी आपणहून वर चढत नाही हा नियम जर्मनीतही लागू आहे.

प्लंबरने पंप सुचवला. सगळं वर ढकलतो, क्षणभर गुरगुरतो, बस. इमारतीतल्या घरमालकांची सभा भरली. वरच्या मजल्यावरच्या टीडेमानबाईंनी दुपारच्या आणि रविवारच्या शांततेचा नियम खणखणीत आवाजात वाचून दाखवला. त्या वेळात रिकाम्या बाटल्याही कोणी डब्यात टाकत नाही, तिथे पंप?

"आईला रविवारी लागली तर?" फोल्कमारने विचारलं.

"शनिवार असतो की," टीडेमानबाई म्हणाल्या.

सभेला हे पटलं. पण सभा माणुसकीशून्य नव्हती. पंप नको, तर संडासच पाइपच्या वर न्यावा, असा तोडगा एकमताने निघाला. छातीएवढा चौथरा उभा राहिला. त्यावर भांडं बसलं. बसलेल्याचं डोकं छताला टेकत होतं, पण उतार नियमानुसार होता. आजी वर चढणार कशा, असं प्लंबरने विचारलं. तो विषय सभेपुढे नव्हता.

मग चौथऱ्यावर चढवणारी-उतरवणारी, विजेवर चालणारी खुर्ची आली. ती दळणाच्या गिरणीसारखी घरघरायची. मात्र डॉक्टरांची चिठ्ठी असल्याने ती वैद्यकीय साधन ठरली, आणि वैद्यकीय साधनांना शांततेचा नियम लागू नव्हता.

पहिल्याच रविवारी, भर दुपारी, अख्खी इमारत हादरली. टीडेमानबाई घरातल्या चपलांवर तळघरात धावत आल्या आणि बंद दाराबाहेरून ओरडल्या, "हा काय गोंगाट?"

"वैद्यकीय आहे," आतून, छताजवळून आजी म्हणाल्या.

"अस्सं. मग ठीक."

"बाई, त्या पंपाचा आवाज याच्या पावपटही नसता हो."

"पण तो नियमात नव्हता."

वर जाऊन बाई शांत झोपल्या. खाली खुर्ची घरघरत आजींना उतरवत होती. नियमातल्या गोंगाटात झोप कशी लागते, हे तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या खिडकीबाहेर आत्ता जे रीतसर परवानगी काढून वाजतंय, त्यातच तुम्ही हे निवांत वाचताय.