बाळकाकांचा वस्तरा

आमच्या आयसीयूच्या दारापाशी एक स्टीलचा डबा असतो. नव्या माणसाला वाटतं, आत सुया-बिया असतील. उघडला की निघतात एकदा वापरून फेकायचे वस्तरे, दाढीचा साबण आणि तळहाताएवढा आरसा. डबा बाळकाकांचा. संसर्गाच्या रोग्याच्या खोलीत शिरायचं तर पुरुषाने आधी या डब्यापुढे बसायचं, मग तो वॉर्डबॉय असो नाहीतर विभागप्रमुख.

बाळकाका भूल विभागातले टेक्निशियन. बनारसच्या रामघाटावरच्या भिक्षुक घराण्यातले. थोरले भाऊ वेदपाठशाळेत शिकवतात आणि हे इथे व्हेंटिलेटर सांभाळतात. मी इथली डॉक्टर, जवळच्याच दूधविनायक मोहल्ल्यातली, म्हणून आमचं आपसात मराठी. बाकी वॉर्डाशी त्यांची अस्सल बनारसी हिंदी.

रोग्याच्या श्वासनलिकेत नळी घालायची म्हणजे अगदी त्याच्या तोंडावर वाकावं लागतं. तो खोकला की सगळं थेट आपल्या अंगावर. त्याचा रोग आपल्या छातीत जाऊ नये म्हणून मधे असतो फक्त मास्क, आणि दाढीच्या खुंटांवर मास्क नीट बसत नाही, कडेने हवा शिरते. एवढं पुस्तकातही आहे. काकांनी त्यावर घरचं सोवळं चढवलं. गाऊन, चष्मा, हातमोजे झाले की दोन्ही हात छातीशी धरून बजावायचे, "सोवळ्यात आहे, शिवू नका." बाहेर आल्यावर गाऊन उतरवताना तर डोळ्यांत तेल घालून उभे. "नेसणं कुणालाही जमतं. माणूस बाटतो तो सोडताना." कुणी चुकून नाक खाजवलं की संपलंच. "बाटलास. परत धू हात."

आम्हा बायकांना वस्तरा माफ होता, फुंक माफ नव्हती. मास्क चढवला की काका हाताची मागची बाजू आमच्या गालापाशी धरणार आणि म्हणणार, "फुंक." कडेने हवा लागली की, "गळतंय. कस." एकदा आत रोग्याचा ऑक्सिजन घसरत होता आणि हे मला दारात अडवून उभे. मी चिडले. म्हटलं, "काका, तिथे माणूस चाललाय." ते शांतपणे म्हणाले, "एक चाललाय म्हणून दुसरी पाठवू होय? फुंक."

साथीच्या दिवसांत आमच्याकडे पंकज नावाचा ज्युनिअर डॉक्टर आला. जौनपूरकडचा, मिशा अशा की मास्कच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत. काकांनी डबा पुढे केला तर गडी हात जोडून म्हणतो, "काका, पिताजी जीवित हैं. मूँछ नहीं उतरेगी." त्यांच्याकडे बाप जिवंत असताना मिशी काढणं म्हणजे घोर अपशकुन. काका म्हणाले, "पिताजी को फोन लगाओ." फोन लागला. काकांनी सरळ विचारलं, "बाबूजी, मूँछ बचाएँ कि लड़का?" पलीकडून आवाज आला, "लड़का." पुढे पंकज सुट्टीला घरी गेला, तर त्याचं तोंड बघून शेजारी सांत्वनाला आले आणि दार उघडलं ते बाबूजींनीच.

तर असे आमचे बाळकाका. वात आणायचे अगदी.

त्याच साथीत आम्ही डॉक्टर मंडळी हॉस्टेलवरच राहत होतो, कित्येक आठवडे कुणी घर पाहिलं नव्हतं. एकदा काका तीन दिवस आले नाहीत. निरोप एवढाच, की घरी काम आहे. चौथ्या दिवशी दुपारी एका रोग्याचा श्वास कोसळायला लागला. माझे दोन्ही सीनियर स्वतःच तापाने पडलेले, दुसरा टेक्निशियनही आजारी. नळी मलाच घालायची होती, आयुष्यात पहिल्यांदा एकटीने. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "वीस मिनिटं. मुखवटा दाबून ऑक्सिजन दे म्हणावं सिस्टरला. तू एकटी नळीला हात घालू नकोस."

वीस मिनिटांत आले. दाढी गुळगुळीत, पण हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांचा हात धरायला गेले. ते मागे सरले. "शिवू नकोस."

मी हसून म्हटलं, "काका, सोवळं अजून नेसायचंय."

ते गाऊन चढवायला लागले. आत मी हात पुढे करायचा अवकाश, हवी ती वस्तू हातात. पहिल्याच प्रयत्नात नळी बसली. बाहेर आल्यावर माझा गाऊन उतरेपर्यंत थांबले आणि चहा न घेताच निघून गेले.

साथ ओसरल्यावर मी घरी गेले, तेव्हा आईने सांगितलं. "अगं, तू बोलावलंस तेव्हा बाळच्या आईला जाऊन चौथाच दिवस होता."

सुतकात दहा दिवस दाढीला वस्तरा लावत नाहीत, हे रामघाटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काकांनी चौथ्या दिवशी सगळ्या घरादेखत दाढी केली होती. थोरले भाऊ म्हणाले, दहाव्याला येऊ नकोस. आईला पिंड दिला गेला तेव्हा बाळकाका तिकडे मुन्शी घाटाच्या पायरीवर एकटे बसून होते. भाऊ अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी डब्यापाशीच त्यांना गाठलं. म्हटलं, "काका, सांगितलं का नाही? मी दुसरं कुणी बघितलं असतं."

"कोण होतं दुसरं?"

कुणीच नव्हतं. काका डब्यातले वस्तरे सारखे करत राहिले. मग म्हणाले, "आई अंथरुणावर होती ना, तिला मी रोज वॉर्डातलं सगळं सांगायचो. तुला ओळखायची ती. शेवटी शेवटी जेवण विचारायची नाही, औषध विचारायची नाही. एकच विचारायची, त्या दूधविनायकाच्या पोरीला एकटीला आत पाठवत नाहीस ना रे? आता तिला काय सांगितलं असतं मी?"

तेवढ्यात आतून सिस्टरने हाक मारली. नवा रोगी आला होता. मी मास्क चढवला. काकांनी सवयीने हात माझ्या गालापाशी धरला. "फुंक."

मला फुंकता येईना.

काका हात तसाच धरून थांबले. "सावकाश," म्हणाले. "मी आहे इथे."