ओट्यामागचं तळं

पारखीकाकांना हे नाव उगाच पडलं नव्हतं. कापड चुरगाळून, लाकूड ठोकून, माणूस न्याहाळून ते पारख करायचे आणि ती चुकली तर दोष कापडाचा, लाकडाचा नाहीतर माणसाचा! तेव्हा ओट्यामागच्या भिंतीला नव्या टाइल्स लावायचं ठरलं, त्या दिवशी त्यांनी काकूंना बजावलं, "तू फक्त रंग सांग. फिनिश माझ्यावर सोड. फिनिशमध्येच लोक फसतात!"

दुकानात मालकाने दोन नमुने काउंटरवर आडवे ठेवले. एक मॅट, पहाटेच्या धुक्यासारखा शांत. दुसरा ग्लॉसी, नुकत्याच न्हालेल्या पोरासारखा लखलखीत. काकूंनी धुक्यावरून बोट फिरवलं. "हा बरा वाटतो. डोळ्यांना गार."

"गार म्हणे! अगं, फोडणी उडाली की तेल बसणार त्याच्यावर. ग्लॉसीवर एक फडकं मारलं की भिंत मोकळी!"

"काका, ग्लॉसीत सगळं दिसतं हां," मालक म्हणाला. त्याला पाण्याचे डाग म्हणायचं होतं.

"दिसू दे की! आपल्याला काय लपवायचंय?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकांना एकच गोष्ट लपवायची होती. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली होती, आणि काकूंनी ते मनावर घेतलं होतं. पण काकू ओट्याशी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या की काका मागच्या मागे यायचे, मांडणीवरचा डबा अलगद उघडायचे आणि एक चमचा साखर जिभेवर ठेवून मांजरासारखे पसार व्हायचे. घर बायकोच्या हुकमात, पगार हप्त्यांच्या हुकमात. जगात काकांच्या स्वतःच्या मालकीचं असं उरलं होतं ते एवढंच, चमचाभर!

मिस्त्रीने टाइल्स बसवल्या, सांधे भरले, भिंत पुसली, आणि स्वयंपाकघरात जणू तळं उभं राहिलं. त्यात दिवा चांदण्यासारखा थरथरायचा, डाव मासोळीसारखा सुळकन फिरायचा. काकू पदर खोचून बघतच राहिल्या. "निवड केलीत बाई तुम्ही!" त्या म्हणाल्या, आणि काका पावशेर फुगले.

त्याच संध्याकाळी काकू पातेलं ढवळत होत्या. काका आले. डबा उघडला. चमचा तोंडात.

"झाकण घट्ट लावा हं. मुंग्या येतात," काकू म्हणाल्या. मान न वळवता!

काका हबकले. झाकण वाजलं असणार! दुसऱ्या दिवशी ते अनवाणी आले, झाकणावर रुमाल टाकून आले, श्वास बाहेर ठेवून आले.

"अहो, तो चमचा ओला आहे. गोळे होतील साखरेचे."

हिला मागे डोळे फुटले की काय? तिसऱ्या दिवशी खात्री करायला त्यांनी पाठीमागून जीभ काढून दाखवली.

"आत घ्या ती. डॉक्टरांना दाखवा हवी तर," काकू म्हणाल्या आणि पातेल्यावर ताट झाकत गुणगुणल्या,

"भिंतीच्या गं पाण्यामधी। मला दिसे माझं घर
मागल्या गं पावलानं। आला साखरेचा चोर!"

लेक टेबलाशी अभ्यास करत होती. ती वहीत तोंड खुपसून हसली. आणि मग काकांनी पाहिलं. काकूंच्या खांद्यावरून, समोरच्या भिंतीत, जीभ बाहेर काढलेला एक टकलू इसम त्यांच्याकडेच बघत होता.

राज्य गेलं!

पण लढल्याशिवाय राज्य सोडतील तर ते पारखीकाका कसले? "ग्लॉसीने डोळे दिपतात गं," ते जेवताना म्हणाले. "मॅटच बरी होती."

"छे! मला तर सवयच झाली. पाठमोरी उभी असले तरी तुम्ही सगळी दिसता. एवढी वर्षं नुसती भिंत बघत उभी होते मी."

काका पाणी प्यायले. क्षणभर त्यांना वाटलंही की जाऊ दे. पण जीभ मोठी हट्टी. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू साखरेचा डबा कुलपात ठेवून लेकीबरोबर बाहेर गेल्या तसे त्यांनी बाह्या सारल्या, भांडी घासायची तारेची घासणी घेतली आणि काकूंच्या बरोबर डोळ्यांच्या उंचीवरच्या टाइल्स रगडायला घेतल्या. इतकं कष्टाचं काम त्यांनी लग्नानंतर या घरात केलं नव्हतं! घाम निथळला, खांदे भरून आले, आणि तळ्यावर मधोमध शेवाळ धरावं तसा एक मंद, आंधळा पट्टा उमटला.

काकू आल्या आणि थबकल्या. "अहो! हे काय झालं?"

"माल खराब!" काका गरजले. "चमक उडाली! मी आधीच म्हणत होतो. सगळ्या काढून मॅट लावून घे!"

काकूंना टाइल्सपेक्षा काकांचंच वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आणून त्या म्हणाल्या, "इतक्या हौसेने घेतल्या होत्या तुम्ही. तुम्हाला फसवलं मेल्याने. थांबा, बोलावतेच त्याला!"

काकांना किंचित लाज वाटली. किंचितच.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा मालक आला, मिस्त्रीला घेऊन आला. चौघंही ओट्याशी गोळा झाले: मालक, मिस्त्री, काकू, लेक. मिस्त्री पट्ट्यावर बोट फिरवून म्हणाला, "हे कोणीतरी घासलंय."

"अहो, कोण घासेल? घरात मी एकटी घासणारी!" काकू उसळल्या. "आणि हे तर घासणीला हातसुद्धा लावत नाहीत!"

"काकू, आमचा माल असा जात नाही."

"मग काय भिंत म्हातारी झाली?"

वाद रंगला. चार डोकी त्या आंधळ्या पट्ट्यावर वाकली. आणि दाराशी उभ्या काकांपुढे ते दृश्य आलं: चार पाठी! एकदम चार! भांडण ऐन भरात, भिंत मधोमध आंधळी, आणि हाताच्या अंतरावर, पुन्हा मांडणीवर आलेला डबा. तीन दिवसांचा उपास जिभेवर नाचू लागला. माणूस म्हणून जन्माला आलेल्याने काय करावं?

काकांनी मोठा चमचा घेतला. शिगोशीग भरला. तोंडात उलटा केला.

वाद थांबला.

पट्टा आंधळा होता, पण त्याच्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंना तळं लख्ख होतं. डावीकडच्या टाइल्समध्ये एक काका, उजवीकडच्यांत एक काका, खालच्यांत त्यांचं नुसतं पोट. सगळ्यांचे गाल फुगलेले.

मालक सावकाश म्हणाला, "काकू, मालात तर दोष दिसत नाही. अगदी स्वच्छ दिसतंय."

"चमचा वाढायचा दिसतो," मिस्त्री म्हणाला.

"बाबा, मिशीला लागलीय," लेक म्हणाली.

काकू मात्र पट्ट्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी तो घासलेला भाग, नंतर कोपऱ्यातली झिजलेली घासणी आणि शेवटी भिंतीतले सगळे काका एकेक करून निरखले. रागावतील असं वाटलं. पण त्यांच्या खांद्यांना बारीक हसू फुटलं होतं, पाठीमागूनसुद्धा कळेल असं.

"एवढ्या टाइल्स बदलून द्या," त्या मालकाला म्हणाल्या. "ह्याच. ग्लॉसी. आणि जास्तीच्या मिळतील का? मांडणीच्या मागेही लावून घेईन म्हणते. यांची निवडच तशी आहे! काय हो, लावायच्या ना?"

नाही म्हणायचं तर तोंड उघडायला हवं, आणि उघडलं तर साखर जमिनीवर. काकांनी निमूटपणे मान डोलावली. आणि मागे न वळताच ती चौघांना दिसली.