वांगडाक

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले परबकाका कोथिंबीर आणायलासुद्धा माणूस घेऊन जातात. रविवारी सकाळी बेल वाजते. दारात काका, काखेत पिशवी. "मिलिंदा, वांगडाक येतंस?"

पहिल्यांदा मी विचारलं, "म्हणजे सोबत ना?" तिथेच माझं चुकलं. काकांची नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. चुकीचा शब्द त्यांना भातातल्या खड्यासारखा लागतो. भाजीवालीपर्यंत त्यांनी माझा वर्ग घेतला. "सोबत करणारो कामाक येता. पिशयी धरता, सल्लो देता. वांगडाक येणाऱ्यान कायएक करूचा नसता. नुसता चलाचा."

मी सवयीने मेथीची जुडी उचलली तर हातावर चापट बसली.

हळूहळू अख्ख्या मजल्याला ह्या मालवणी शब्दाचे नियम पाठ झाले. समोरच्या शहाबेन तर आधीच सांगून टाकतात, "काका, मला खरंच भाजी घ्यायची आहे हं." त्यावर काका गंभीरपणे म्हणतात, "मगे आज सोबत म्हणा." सेक्रेटरी कुलकर्ण्यांनी एकदा बँकेत काकांचा फॉर्म भरून दिला. महिनाभर त्यांच्याकडे बेल वाजली नाही. "मदत करता तो," काका मला म्हणाले. "फुकट गेलेलो माणूस."

गेल्या गुरुवारी भर दुपारी काका दारात आले. हातात फाईल, डोळ्यांतून पाणी. "किल्ली तेवढी लाव रे. भोक दिसना नाय."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते एकटेच रिक्षाने गेले होते. डोळ्यांत थेंब घालून झाल्यावर तिथे कोणीतरी विचारलं, बरोबर कोण आहे? कोणीच नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशीची वेळ देऊन परत पाठवलं. मुलगी न्यूझीलंडला, तिला ह्यांनी कळवलंही नव्हतं.

मला रागच आला. "कोथिंबिरीला बेल वाजवता, आणि ह्याला नाही?"

"ता काम हा रे," काका कुलपाकडे बघत म्हणाले. "कामाक बोलवूक लागलंय तर बेल वाजल्यावर लोका दार उघडूक विचार करतली. मगे कोथिंबिरीक कोण येतला?"

हा माणूस माणसं टिकवायला एवढा जपत होता आणि आम्ही त्याला खूळ म्हणून हसत होतो, ह्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही लिफ्टपाशी हजर. मी, शहाबेन, आणि बंदी मोडून कुलकर्णी. हॉस्पिटलात नर्सने विचारलं, "पेशंटबरोबर कोण?" "वांगडाक," म्हणत तिघांनीही हात वर केले. काका आतून खूश झाले होते, पण चूक सोडतील कसे? "हेका वांगडाक म्हणत नाय, सिस्टर. वरात म्हणतत."

आत नेताना नर्स म्हणाली, चष्मा कोणाकडे तरी द्या. काकांनी तो काढला, जरा वेळ हातातच ठेवला आणि मग माझ्यापुढे केला.

"धर," म्हणाले. "पडतलो हां. नीट धर."

ते बाहेर येईपर्यंत मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो.