अनोळखी मुख्याध्यापक

मंद्रूपच्या शाळेत डिजिटल कक्षाचं उद्घाटन होतं, म्हणून मुख्याध्यापक मल्लिनाथ सरांनी सकाळी मिशी काढली. "फोटोत तरुण दिसताव की," असं बायको, श्रीदेवी, म्हणाली आणि कॉलेजपासून जपलेली मिशी मोरीतून वाहून गेली.

कक्षात कोरे करकरीत संगणक होते. मुलं डिजिटल युगासाठी घडावीत म्हणून ते दिवाळीपासून कुलपात ठेवले होते. उगाच मुलांचे हात लागायला नकोत. ते सुरू व्हायचे, तेही फक्त मुख्याध्यापकांचा चेहरा ओळखून.

सोलापूरहून साहेब आले, हार झाले, नारळ फुटला. सरांनी कॅमेऱ्यापुढे चेहरा धरला.

पडद्यावर आलं, 'अनोळखी व्यक्ती.'

सरांनी चष्मा काढला, घातला, हसूनही दाखवलं.

'अनोळखी व्यक्ती. मुख्याध्यापकांना कळवण्यात आले आहे.'

सरांच्या खिशातला मोबाइल वाजला.

त्यांनी घाईघाईनं मदत केंद्राला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "चेहरा बदलायचाय? सोपं आहे सर. आधी जुन्या चेहऱ्यानं लॉगिन करा."

"जुना चेहरा मोरीत गेला की वो!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "जमत नसेल तर सांगा. वैरागची शाळा तयारच आहे. संगणक तिकडे हलवू."

भुवनेश्वरी मॅडम सरांच्या कानाशी कुजबुजल्या, "सर, गॅदरिंगच्या पेटीत सरदाराच्या मिशा हायत."

"मी मुख्याध्यापक हाय, सोंगाड्या न्हाय!" असं बजावून सर पेटीकडे धावले.

साहेबांचा चहा संपेपर्यंत ते परतले. मिशीचे आकडे कात्रीनं उडवले होते, खाली डिंक ओला होता. साहेबांना काही फरक जाणवला नाही. त्यांनी आधीही सरांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

'स्वागत आहे, मल्लिनाथ सर!'

टाळ्या झाल्या. सगळे संगणक एकदम उजळले. पडद्यावर पाठ पहिला आला, 'बनावट चेहरा कसा ओळखावा.'

"वा! शिकवा सर," म्हणत साहेब खुर्चीत रेलले.

सरांनी घाम पुसला. रुमालाबरोबर अर्धी मिशीही निघाली.

पहिल्या बाकावरच्या वैष्णवीनं हात वर केला.

"सर, उदाहरण कळालं. आता व्याख्या सांगा की."