शुभांगीच्या लग्नाचा सिनेमा

सिनेमा देखणा व्हायचा असेल तर त्यातली माणसं शक्य तितकी कमी करावीत, हे कलेचं मूलतत्त्व आहे. आमच्या पवनी तालुक्याला ते फार उशिरा समजलं.

पूर्वी आमच्याकडे लग्नाची कॅसेट निघायची. कलेच्या दृष्टीने भिकार. व्हिडिओवाला डोळे दिपवणारा लाइट घेऊन पंगतीत शिरायचा आणि प्रत्येक पाहुण्याचा घास टिपायचा. मामा जेवताना, मामी लाजताना, फुफाजी रुसताना (हे दृश्य सक्तीचं असे). तीन तास हेच! तरी लोक ती पुन्हा पुन्हा पाहत, कारण प्रत्येकजण तिच्यात स्वतःला सापडायचा.

मी सिनेमे पाहण्यात आयुष्य घालवलेला माणूस. म्हणून श्रावणभाऊंनी पोरीच्या लग्नाचा सिनेमा पाहायला मला आवर्जून बोलावलं. शुभांगी लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आली होती. सिनेमा शहापूरच्या पिंटूचा. पिंटू आधी व्हिडिओवाला होता, आता दिग्दर्शक आहे (टोपी उलटी घालतो).

सुरुवातच अशी की बस्! गोसीखुर्द धरणाचं अथांग पाणी, वरून ड्रोन, नावेत नवरा-नवरी. नावाडी दिसत नाही. त्याला संगणकावर पुसलं. मग उन्हाळी धानाच्या हिरव्यागार बांधीतून लांबलचक गाऊन ओढत जाणारी शुभांगी. गाऊनचा चिखलही संगणकावरच धुतला. दृश्यांना मी तिथंच पाचपैकी पाच तारे देऊन टाकले.

श्रावणभाऊंचं मात्र कलेकडे लक्ष नव्हतं. "पोरी, मी कुठी आहो यात?"

"येसाल न बाबा, पाहा तं."

हळद गेली, वरात गेली, अक्षता पडल्या. एका ठिकाणी समईच्या उजेडात दोन हात फार सुरेख दिसले. श्रावणभाऊ ओरडले, "हे माह्ये हात!"

"कायचे तुमचे?" केशरबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणाल्या. "थे भटजीचे होत."

"बिदाई येऊ द्या. पोरीच्या गळ्यात पडून असा रडलो का सारा मांडव रडला. जिंदगीत पहिल्यांदा रडलो मी. थे तं घेतलंच असन."

बिदाई आली. शुभांगीने कुणाकडे तरी हात पसरले, आणि कॅमेरा अलगद वर गेला. वैनगंगेवरचा सूर्यास्त, बगळ्यांची रांग, बासरी. समाप्त.

श्रावणभाऊंनी पिंटूला फोन लावला. पिंटू अदबीने बोलला, "काकाजी, तुमचा शॉट होता. पण तुम्ही पंगतीतून तसेच आलते, बनियनवर. हातात वरनाची बादली. फ्रेम खराब होऊन राहिली होती, काढून टाकला."

"काढला त काढला. तुह्याकडे असन न?"

"नाही न काकाजी, डिलीट केला. जागा लागते."

श्रावणभाऊंनी फोन ठेवला. त्यांना फार वाईट वाटलं. शुभांगी रडली. पण परीक्षणात या गोष्टींना तारे नसतात, त्यामुळे माझे पाच कायम आहेत. कथेच्या बाबतीत थोडी निराशा झाली, एवढं नमूद करतो.

तुम्ही आता पिंटूला शिव्या घालत असाल. खुशाल घाला. मग आपला मोबाइल उघडा. सूर्यास्त भरपूर असतील, ते राहू द्या. बापाचा एक फोटो शोधा. आधारकार्डाचा धरायचा नाही.