समोरच्या बाजूचं जेवण

'जाबदार हिच्या हातचे अन्न खाण्यालायक नसते,' असं वकिलांनी अर्जात लिहिलं. वाक्य त्यांचं नव्हतं, टॅक्सीवाल्याचं होतं. टॅक्सीवाला त्यांचा पक्षकार. त्याला बायकोपासून घटस्फोट हवा होता आणि छळ झाला म्हणून दाखवायला त्याच्याकडे तिच्या स्वयंपाकाशिवाय दुसरं काही नव्हतं. अर्ज पुरा करून वकिलांनी फाईल बांधली, काळा कोट खुंटीला अडकवला आणि ते कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवायला गेले. भात आणि वाटाण्याचा रस्सा होता. रस्सा त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

खानावळ चालवणारी बाई हीच ती जाबदार, टॅक्सीवाल्याची बायको, होती. वकिलांना याचा पत्ता नव्हता. बायको गेल्यापासून ते तिथे दोन्ही वेळा जेवत. ते तिला ताई म्हणत, ती त्यांना काका म्हणे, आणि नाव विचारायची कधी गरज पडली नव्हती. रश्श्याचा डाग पडू नये म्हणून ते कोट घरी ठेवून जात, त्यामुळे ती त्यांना निवृत्त मास्तर समजत होती.

कोर्टाची नोटीस आली त्या दिवशी ताईने वाढता वाढता पळी भांड्यात आपटली.

"काका, माझ्या नवऱ्यानं केस केलीय. म्हणे मला रांधता येत नाही. आणि हे लिहिणारा वकील कोण मेला आहे देव जाणे. त्याला जन्मात कुणी गरम वाढलं नसेल."

"असतात अशी माणसं," वकील म्हणाले. "मनावर घेऊ नका. बटाटा आहे का अजून?" असे अर्ज त्यांनी इतके लिहिले होते की हा आपलाच असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

पहिल्या तारखेला वकील कोर्टात उभे राहिले आणि समोरच्या बाजूने ताई आली. तिने त्यांना कोटासकट पाहिलं आणि ती कळवळली.

"अगंबाई, काका! तुमच्यावर पण कुणी केस केली?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, आपण जाबदारांना ओळखता?"

"जेवणापुरतं," वकील म्हणाले.

कोर्ट हसलं. टॅक्सीवाला हसला नाही. ताईने आधी वकिलांकडे पाहिलं, मग हातातल्या नोटिशीकडे, मग पुन्हा वकिलांकडे. त्यानंतर ती वकिलांकडे पाठ करून बाकावर बसली ती पुढची तारीख मिळाल्यावरच उठली.

वकील सरळ माणूस होते. समोरच्या पक्षकाराशी संबंध ठेवू नये हा नियम त्यांना पाठ होता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वकीलपत्रातून मोकळं करावं म्हणून अर्ज दिला.

"कारण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"वैयक्तिक."

"पक्षकाराची हरकत?"

"आहे ना साहेब," टॅक्सीवाला म्हणाला. "ह्यांनीच लिहिलंय, ह्यांनीच चालवायचं. माझं दुःख मी आता दुसऱ्याला पहिल्यापासून सांगत बसू का?"

अर्ज फेटाळला गेला. मग राहिला एकच उपाय, जेवणाची जागा बदलायची. वकिलांनी तोही करून पाहिला. स्टेशनासमोरच्या हॉटेलात वेटर येऊन "काय?" म्हणायचा, ताट आपटायचा आणि जायचा. अन्न तसं बरं होतं. पण घरी कुणी नाही, कोर्टात सगळे कामापुरते, आणि आपणहून "आज उशीर झाला का हो?" असं विचारणारं दिवसभरात एकच माणूस होतं. ते माणूस नेमकं समोरच्या बाजूला होतं. आठवड्याच्या आत वकील परत कोपऱ्यावर आले.

त्यांनी मनाशी ठरवलं होतं की जेवायचं, पण बोलायचं नाही.

ताईने ताट ठेवलं. वकिलांनी मान हलवली.

"बोलणार नाही वाटतं?"

वकिलांनी वर छताकडे बोट दाखवलं. त्यांना कोर्ट म्हणायचं होतं. ताईला वाटलं, पंखा हवाय. तिने पंखा लावला.

"मी काही रागावले नाही, काका. नवरा सांगेल ते तुम्ही लिहिलंत. पण तुम्ही रोज इथं खाता. आता ह्या सगळ्यांसमोर एकदा सांगा, खाण्यालायक आहे की नाही?"

आजूबाजूचे हात ताटातच थांबले. हो म्हणावं तर पक्षकाराची केस बुडाली. नाही म्हणावं तर ते खोटं, आणि शिवाय उद्या जेवायचं कुठे? वकिलांनी घास गिळला.

"मत राखून ठेवतो," ते म्हणाले.

ताई पेटलीच. तिला वाटलं यांना खरंच काही कमी वाटतंय. दुसऱ्या दिवसापासून ती वकिलांच्या ताटात एक अंडं जास्त ठेवू लागली. मग तळलेला मासा आला. मग खीर आली. मत राखलेलं होतं ते राखलेलंच राहिलं, पण ताट दरवेळी पुसल्यासारखं स्वच्छ परत जात होतं आणि वकिलांना कोट घट्ट होऊ लागला होता.

एकदा दुपारी टॅक्सीवाला गिऱ्हाईक सोडून त्या रस्त्याने परत चालला होता. खिडकीतून त्याला आपला वकील दिसला. वकील बोट चाटत होता.

टॅक्सीवाल्याची तक्रार वकिलांच्या शिस्तपालन समितीकडे गेली. वकिलाने समोरच्या बाजूशी संगनमत केलं, तिच्याकडून अंडं, मासा आणि खीर या रूपाने लाभ उकळला, असे आरोप होते. वकिलांना रात्र रात्र झोप लागेना. घरात बायकोचा पलंग रिकामा होता. तिकडे तोंड करून ते पडून राहत. वकिलीची सनद गेली तर सकाळी उठून कोट घालायचा कशासाठी, हे त्यांना सुचत नव्हतं. आणि खानावळ गेली तर सकाळी उठायचं तरी कशासाठी, हेही.

समितीत तिघे होते. अध्यक्ष फार म्हातारे आणि मनाने मऊ होते.

"आमच्याकडे तीन गोष्टी आहेत," ते हॉटेलातला वेटर सांगतो तसं म्हणाले. "ठपका, निलंबन, आणि सनद काढून घेणं. तुमची पत्नी गेली हे आम्हाला ठाऊक आहे. इतकी वर्षं तुमच्याविरुद्ध कुणी ब्र काढला नाही. ठपका देतो आणि सोडतो. खटला चालवा, फक्त तो संपेपर्यंत त्या बाईंच्या दारात पाऊल टाकू नका."

"किती चालेल साहेब खटला?"

"तुम्ही वकील. आम्हाला काय विचारता?"

तिघेही हसले. वकिलांनी मनात हिशेब केला. त्यांच्या हातातला शेवटचा घटस्फोट निकाली निघाला तेव्हा नवराबायको दोघेही आजोबा-आजी झालेले होते. ते उठून उभे राहिले.

"साहेब, ठपका पुरेसा नाही. मला निलंबित करा."

अध्यक्षांनी कानामागे हात धरला. "काय करा?"

"निलंबित. गुन्हा गंभीर आहे. समोरच्या बाजूचं मी खाल्लं. मागून घेऊन खाल्लं."

"लाच म्हणून?"

"आवडीने."

"मग ठपकाच योग्य."

"साहेब, मी आज संध्याकाळी पुन्हा तिथंच जेवणार आहे."

"आम्ही बजावल्यावर?"

"हात धुऊन थेट तिकडेच जाणार."

"म्हणजे सुधारण्याची काही आशा?"

"मुळीच नाही," वकील म्हणाले.

आयुष्यात त्यांचा एवढा बिनतोड युक्तिवाद कधी झाला नव्हता. समितीने आपसात कुजबुज केली. सनद सहा महिन्यांसाठी निलंबित झाली, वकीलपत्र आपोआप गळून पडलं आणि टॅक्सीवाला तक्रारदाराच्या बाकावरून उठून ओरडला, "अहो, म्हणजे मी परत पहिल्यापासून सांगू?"

वकिलांनी कोर्टाच्या बाररूममधलं आपलं कपाट रिकामं केलं. त्यात एक छत्री आणि बायकोने कधीतरी दिलेला मफलर निघाला. निरोप द्यायला कुणी नव्हतं, सगळे कोर्टात होते. कोट हातावर टाकून ते रस्त्याने चालत निघाले तेव्हा त्यांना फार थंडी वाजत होती. पण खानावळीची पायरी चढताना आज बोलता येणार, हे त्यांच्या लक्षात आलं.

"ताई, मी मोकळा झालो," ते बसता बसता म्हणाले.

ताईने ऐकून घेतलं. ताट मांडलं. मग पदराला हात पुसत समोर बसली.

"मग आता माझ्या बाजूनं साक्ष द्या. शपथेवर सांगा कोर्टात, माझ्या हातचं खाण्यालायक असतं म्हणून. तुमच्याइतकं कुणी खाल्लेलं नाही."

वकिलांचा घास हातातच राहिला.

"ते नाही जमायचं, ताई. ज्याचं वकीलपत्र एकदा घेतलं त्याच्याविरुद्ध जन्मात उभं राहता येत नाही. सनद असो नसो."

"म्हणजे अजून तोंड बंदच?"

"जेवणाबद्दल बंदच."

"मग एवढी सनद घालवून मिळवलंत काय तुम्ही?"

वकील भात कालवू लागले. गिऱ्हाइकं एकेक करून उठून गेली. ताईने त्यांच्यापुढचं भांडं सरकवलं, पुन्हा भात वाढला आणि उठली नाही.

"बरं, केस मरू दे," ती म्हणाली. "काकूंचं सांगा. त्यांच्याबद्दल तुम्ही कधीच बोलला नाहीत."

वकिलांनी विचार केला. यात कुठलाच नियम मोडत नव्हता.

"तिला स्वयंपाक अजिबात येत नव्हता," ते म्हणाले.

"काय सांगता! आणि तुम्ही?"

"खाल्ला की. शेवटच्या दिवसापर्यंत."

"कधी बोलला नाहीत त्यांना?"

"रोज विचारायची, कसं झालंय म्हणून. मी म्हणायचो, अजून वाढ."