बावीस पँटी आणि एक बाही

मुळशी तालुक्यात तयार कपड्यांचं पहिलं दुकान काढणारा माणूस मीच! आता हे कुणी कबूल करत नाही, ती गोष्ट वेगळी. पण छप्पन्न सालच्या दसऱ्याला पौडच्या पेठेत जी पाटी लागली, ती माझी. 'श्री भैरवनाथ रेडीमेड स्टोअर्स, फक्त पुरुषांसाठी'. रंगाऱ्यानं 'रेडीमेट' लिहिलं होतं. मी म्हटलं, राहू दे, इथं कोण वाचतंय!

त्याआधी आठ वर्षं मी पुण्यात मगनशेटच्या दुकानात शर्टांच्या घड्या घालत होतो. माणूस पायरीवर दिसला की त्याची छाती छत्तीस की अडतीस, हे मी टेप न लावता सांगायचो. एवढी विद्या अंगात असताना दुसऱ्याच्या गल्ल्यासमोर किती दिवस उभं राहायचं? आलो गावाकडं. येताना एक पुतळाही आणला. छाती आणि खांदे एवढाच, वर मुंडकं नाही. तो शर्ट घालून दारात उभा केला, तर पहिल्याच बाजारी मालेगावची... मालेगाव नव्हे, आपलं जवळचं माले, तिथली रंभाबाई किंचाळली, "आगं आई गं! ह्याचं मुंडकं कुटं गेलं?"

पण दुकान चाललं! पोरंसोरं, मास्तर, तलाठी, सगळे माझ्याकडं. चाललं नाही ते समोरच्या जैनुद्दीनभाईंचं. वीस वर्षं अख्ख्या पौडाच्या बंड्या आणि सदरे त्यांनी शिवले. माझी पाटी लागली आणि त्यांचं मशीन दिवसातून दोनदा खडखडायचं, तेही उशीच्या खोळींसाठी. रोज सकाळी ते मशीनला तेल घालायचे, पुसायचे आणि माझ्या दुकानातली गर्दी बघत बसायचे. मला वाईट वाटायचं. नाही असं नाही. पण गर्दीपुढं ते वाईट वाटणं फार वेळ टिकायचं नाही.

मग एकसष्टच्या जुलैत पानशेत फुटलं.

बातमी एसटीच्या ड्रायव्हरनं आणली. रस्ता सुरू झाल्यावर, आठव्या-नवव्या दिवशी मी पुण्याला गेलो. मगनशेटच्या दुकानात वरच्या फळीपर्यंत गाळ होता आणि मगनशेट पायरीवर बसून बादलीत एक शर्ट धूत होते. धुवायचे, पिळायचे, बघायचे आणि पुन्हा बादलीत टाकायचे. तोच शर्ट.

"शेट," मी म्हटलं.

"हैबत, आलास? हा सगळा माल घेऊन जा बाबा. मला बघवत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण ऐक. आठ दिवस चिखलात होता. विकण्याआधी प्रत्येक नग ओढून-ताणून बघ. कडक ऊन दे."

"हो, हो!" मी म्हटलं. माणसाचा संसार समोर चिखलात पडला होता आणि माझे डोळे कुठं होते? निळ्या पँटींच्या गठ्ठ्यावर! बरोब्बर बावीस होत्या. आणि मालेच्या लेझीम पथकात गडी किती? बावीस! भैरवनाथाची कृपा म्हणजे आणखी काय असते?

पंधरा ऑगस्टला पौडात झेंड्यापुढं मालेचं लेझीम ठरलेलं. मामलेदार साहेब येणार. पथकाचा म्होरक्या भैरू, रंभाबाईचा एकुलता एक. उंच, देखणा, आणि अंगात लेझीम असं की हलगी नसली तरी खांदे हलायचे. त्याच दिवशी घोटावड्याचे नथूअण्णा त्याला जावई म्हणून बघायला येणार होते. बाकी सगळं जुळलं होतं, फक्त मुलगा बघायचा राहिला होता.

मी भैरूला गाठलं. "धोतरं खोचून काय नाचताय? साहेबापुढं पँट पाहिजे! एकसारख्या बावीस पँटी. नथूअण्णा बघतच राहतील!"

"पर दादा, पँटीत बसकी चाल जमंल का?"

"अरे, बसकी काय, झोपकी कर!"

आता कडक ऊन. श्रावणात मुळशीत ऊन आणायचं कुठनं? मी घरात दोऱ्या बांधल्या आणि खाली चूल पेटवून पँटी शेकल्या. आमची सारजा खोकून खोकून बेजार. "अवं, ह्या पँटी हायेत का बोंबील?" मी दुर्लक्ष केलं.

आदल्या दिवशी जैनुद्दीनभाई दुकानात आले. पाच वर्षांत पहिल्यांदा! त्यांनी एक पँट उचलली, शिवणीवर दोन्ही अंगठे ठेवले आणि हलकेच ताण दिला. टर्र!

"हैबतराव, कापड ठीक हाय. धागा कुजलाय. उंद्या ह्या घालायला देऊ नका. माझ्याकडं द्या, सांजच्यापत्तुर जेवढ्या व्हतील तेवढ्यांवर फिरून शिवण मारतो."

केवढं सरळ बोलणं! पण मला काय ऐकू आलं? मला ऐकू आलं की ह्या माणसाला काम पाहिजे. मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "तुमचं मशीन गंजलं म्हणून माझा धागा कुजला व्हय?"

दोघं-तिघं हसले. जैनुद्दीनभाईंनी पँटची घडी घातली, नीट, माझ्यापेक्षा नीट, आणि टोपी सारखी करून निघून गेले. ती एक पँट मी पुतळ्यामागं सरकवली आणि तिच्या जागी स्वतःची धुवट निळी पँट गठ्ठ्यात घातली. एका फाटक्या पँटीनं बावीस फाटतात का कुठं!

पंधरा तारखेला सकाळपासून बारीक झड. शाळेच्या पटांगणात साहेब छत्रीखाली. हलगी कडाडली आणि बावीस गडी आत आले. पांढरे शर्ट, निळ्या पँटी! माझी छाती अडतीसची बेचाळीस झाली. समोर सगळं पौड, आणि मागं शाळेच्या पडवीत घोटावड्याची मंडळी.

पहिली चाल झाली. दुसरी झाली. पँटी भिजून मांड्यांना चिकटल्या. मग भैरूनं शिट्टी मारली. बसकी चाल!

बावीस गडी एका झटक्यात खाली बसले.

टर्रर्र!

तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. हलगीवालाही दचकला. त्याला वाटलं, हलगीचं कातडं गेलं! शेजारचा एक म्हातारा कौतुकानं म्हणाला, "ह्यो नवा ताल दिसतोय!" आणि गडी उठले, तर उठताना उरलेल्या शिवणी गेल्या.

भैरू मोठ्या हिकमतीचा. त्यानं चाल बदलली. साहेबांकडं तोंड ठेवून, लेझीम वाजवत, सगळं पथक एक एक पाऊल मागं मागं सरकायला लागलं. पाठ म्हणून दाखवायची नाही! साहेब खूश झाले. "शिस्त म्हणजे शिस्त! पाहुण्याला पाठ दाखवत नाहीत!" त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

आणि पथक मागं सरकत सरकत थेट पडवीपाशी पोचलं. पडवीत कोण? नथूअण्णा! बावीसच्या बावीस पाठी त्यांच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. वाट काढायला सगळ्यांत मागं गेलेला, म्हणजे त्यांच्या सगळ्यांत जवळ, भैरू!

माझी पँट ज्याच्या अंगावर होती तो गडी तेवढा शाबूत होता. पण त्याला कोण बघतंय!

नथूअण्णा उठले, उपरणं झटकलं आणि रंभाबाईला म्हणाले, "बाई, ज्याला सोताची पँट सांभाळता येत न्हाई, त्यो माझी लेक काय सांभाळणार?" आणि चालू लागले. पडवीत जे हसू फुटलं ते पेठेपर्यंत ऐकू गेलं. भैरू खाली मान घालून उभा होता. पावसानं त्याचा चेहरा ओला होता की कशानं, ते मी बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

सगळे गडी घोंगड्या गुंडाळून शाळेच्या खोलीत बसले. आणि छत्री नाही, काही नाही, डोक्यावर मशीन घेऊन जैनुद्दीनभाई आले. कुणी बोलावलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत ते शिवत होते. शेवटची पँट झाल्यावर मला एवढंच म्हणाले, "शर्टाच्या बाह्या बी बघून घ्या."

दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता. पण मी व्यापारी! मोडलेलं लग्न जोडायला मी दोन दिवसांनी घोटावड्याला गेलो. हात हलवत कसं जायचं? मगनशेटच्या मालातला एक भारी काळा कोट घेतला. जैनुद्दीनभाई शर्टाबद्दल बोलले होते, कोटाबद्दल चकार शब्द काढला नव्हता!

"अण्णा, दोष पँटीचा, पोराचा न्हाई," मी म्हटलं. "पोरगं सोनं हाय."

नथूअण्णा माणूस वाईट नव्हता. ऐकून घेतलं. कोट घातला. छाती चाळीस, मी लांबूनच ओळखली होती! अंगावर असा बसला की त्यांच्या मिशा हलल्या, चेहरा सैल झाला. माझ्या जिवात जीव आला.

"बघू या मग," ते म्हणाले. "पोरीचं वय झालंच हाय." आणि आत हाक मारायला त्यांनी हात वर केला, "अगं ए, हिकडं ये जरा..."

हात वर गेला. बाही खांद्यापासून सुटली आणि खाली मनगटात येऊन बसली, बांगडीसारखी.

नथूअण्णांनी बाहीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. दाराकडं बोट केलं. मी चपला हातात घेऊनच निघालो.

ते लग्न मोडलं ते मोडलंच. भैरू पुण्याला बांधकामावर गेला. पुरानंतर तिथं कामाला तोटा नव्हता. लेझीम पथक बसलं. रंभाबाई दर बाजारी दुकानासमोर येऊन उभी राहायची. शिव्या नाही, शाप नाही. एकदा फक्त म्हणाली, "हैबता, तुला पोरगं असतं म्हंजी कळलं असतं." मी आणि सारजा, आम्हाला मूल नाही. त्या दिवशी मी दुपारीच दुकानाला फळ्या लावल्या.

दुकान पुढं वर्षभर रडत चाललं. येईल तो आधी कपडा दोन्ही हातांनी ओढायचा. चांगले शर्टसुद्धा त्या ओढाओढीत फाटले! शेवटी पाटी उतरवली. पुतळा भिवाजी नावाच्या शेतकऱ्यानं नेऊन भुईमुगाच्या रानात बुजगावणं म्हणून उभा केला, वर मडकं ठेवून.

मी घरी बसलो. महिनाभरानं जैनुद्दीनभाई दारात. "हैबतराव, तुमची नजर चांगली हाय, बोलणं चांगलं हाय. मापं घ्यायला या. शिवणीला मातुर हात लावू नका."

त्यांचं मशीन गंजलं म्हणालो होतो, त्या बोलण्याची मी वर्षभरात एकदाही माफी मागितली नव्हती. तेव्हाही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप अडकवून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो, एवढंच.

चौसष्टच्या माघात भैरू आला. उरवड्याची मुलगी ठरली होती. लग्नाचा कोट शिवायचा होता. अंगानं भरला होता, हातांना सिमेंटचे चरे. मला बघून पायरीवरच थांबला. मी उठलो. मनात म्हटलं, हैबता, देवानं संधी दिलीय, ह्याचा असा कोट शिवून घ्यायचा की तालुका बघत राहील! टेप काढला आणि त्याच्या छातीला लावायला पुढं झालो.

भैरू एक पाऊल मागं सरकला.

"जैनुद्दीनचाचा," तो शांतपणे म्हणाला, "माप ह्येच घेणार असतील, तर मी आपला धोतरावर लगीन लावतो."

आणि लावलं हो! बिनशिवणीच्या धोतरावर! मला आमंत्रण नव्हतं. वरात पेठेतनं गेली तेव्हा मी आत बसून काजं करत होतो, आणि तीही जैनुद्दीनभाईंना उसवून पुन्हा करावी लागली.